केळं, मिशा आणि कोरं कव्हर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लाँगप्ले रेकॉर्डचं कव्हर म्हणजे बारा इंच बाय बारा इंचांचा पुठ्ठा. तबकडीवर धूळ बसू नये, चरा पडू नये, एवढंच त्याचं मूळ काम. गाणारा कोण, वाजवणारे कोण आणि कंपनी कुठली हे वर छापलं की झालं. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकारानं या पुठ्ठ्यावर चित्र छापायची टूम काढली. तोवर रेकॉर्डी तपकिरी, करड्या कागदात गुंडाळून मिळत. चित्र आल्यावर खप वाढला आणि कव्हरवर चित्र असणं ही रीतच झाली. पण ते चित्र जाहिरातीतलं चित्र होतं. त्याला कुणी कला म्हणत नव्हतं, आणि काढणाऱ्यालाही तशी अपेक्षा नव्हती.

१९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत हे चित्र पालटलं. गॅलऱ्यांमधून प्रदर्शनं भरवणारे चार चित्रकार या पुठ्ठ्याकडे वळले. पीटर ब्लेक, रिचर्ड हॅमिल्टन आणि अँडी वॉरहॉल ही तीन नावं कलेच्या इतिहासात सर्वांच्या तोंडी असतात. चौथं नाव जॅन हॅवर्थ या बाईंचं. ते बहुतेक वेळा गाळलं जातं. या चौघांमुळे गाण्याचं काय झालं, चित्रांचं काय झालं आणि या देवघेवीत कुणाच्या पदरात किती पडलं, याची ही गोष्ट आहे.

पॉप आर्ट म्हणजे पॉप गाणाऱ्यांची चित्रं, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रेशनकार्डाचे दिवस चालू होते. अन्नधान्यावरचं रेशनिंग तिथे १९५४ साली संपलं. अशा वेळी अमेरिकेतून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांमधल्या जाहिराती बघून लंडनमधल्या काही तरुण चित्रकारांचे डोळे विस्फारले. फ्रिज, मोटारगाड्या, डबाबंद मांस, सिनेनट्या! ही मंडळी १९५२ पासून एकत्र जमून या सगळ्यावर वाद घालत. यातल्याच रिचर्ड हॅमिल्टननं १९५६ साली व्हाइटचॅपल गॅलरीतल्या एका प्रदर्शनासाठी मासिकांची कात्रणं चिकटवून एक चित्र केलं. जेमतेम वहीच्या पानाएवढं. त्यात एक दिवाणखाना आहे. पिळदार अंगाचा एक पहेलवान टेनिसच्या रॅकेटएवढं लॉलिपॉप धरून उभा आहे आणि त्या लॉलिपॉपवर ‘पॉप’ ही अक्षरं आहेत. खाली पुढ्यातच जमिनीवर एक टेपरेकॉर्डर ठेवलेला आहे. घरात गाणं यंत्रातून येणार, ही गोष्ट या चित्रकारांनी पहिल्यापासून गृहीत धरली होती.

पुढच्याच वर्षी एका पत्रात हॅमिल्टननं या नव्या कलेची लक्षणं लिहून काढली. सर्वांसाठी असलेली, स्वस्त, कारखान्यात भरपूर निघणारी, तरुण, चटकदार आणि लवकर टाकून द्यायची, असा त्याचा आशय होता. ही यादी वाचताना वाटतं, की हे तर थेट पंचेचाळीस फेऱ्यांच्या रेकॉर्डचं वर्णन आहे.

आपल्याकडेही बाजारातल्या चित्राला गॅलरीत आणण्याचा एक प्रयत्न याच सुमारास झाला. मुंबईत वाढलेले आणि पुढे बडोद्याला स्थायिक झालेले भूपेन खक्कर हे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. १९६५ साली जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांनी देवादिकांच्या छापील तसबिरी कापून, चिकटवून केलेली चित्रं मांडली होती. पानाच्या ठेल्यावरचा देव गॅलरीत आला म्हणून नाकं मुरडणारे मुरडले. बडोद्यात खक्करांकडे राहून गेलेल्या एका ब्रिटिश चित्रकाराकडून पॉप आर्टचा वारा त्यांच्यापर्यंत पोचला होता. गाण्याच्या बाजारापर्यंत मात्र हा धागा आपल्याकडे गेला नाही.

इंग्लंडमध्ये तो गेला, आणि त्याचं कारण कलाशाळा. तिथे त्या काळी अभ्यासात फारशी गती नसलेल्या, पण हातात काही तरी कला असलेल्या मुलांना आर्ट स्कूलमध्ये घालायची पद्धत होती. जॉन लेनन लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात होता. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, किंक्सचा रे डेव्हिस हॉर्न्सीच्या. ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड ईलिंगला शिकत असताना गुस्ताव मेट्झगर या कलावंताचं व्याख्यान ऐकून आला. ‘स्वतःचा नाश करणारी कला’ हा मेट्झगरचा विषय होता. १९६४ साली एका हॉटेलातल्या कार्यक्रमात टाउनशेंडची गिटार बुटक्या छताला आपटून मोडली. लोक चकित झालेले पाहून त्यानं ती पुरतीच फोडून टाकली, आणि पुढे गिटार फोडणं हा त्याच्या कार्यक्रमाचा भागच झाला. व्याख्यान कानांवरून गेलेलं नसतं तर एक मोडकी गिटार एवढाच त्या प्रसंगाचा अर्थ राहिला असता. १९६५ साली ‘द हू’ आपल्या संगीताला सरळ ‘पॉप आर्ट’ म्हणू लागले.

याच ईलिंगच्या कलाशाळेतून १९६९ साली ग्राफिक आर्टचं शिक्षण संपवून एक पारशी मुलगा बाहेर पडला. फारोख बलसारा. त्याचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झालेलं. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजला. त्याच्या क्वीन या बँडचं राजचिन्हासारखं बोधचिन्ह त्यानं स्वतःच रेखाटलेलं आहे. गाण्याइतकाच दिसण्याचाही विचार करायचा, ही सवय या मुलांना कलाशाळेनं लावली.

आता पीटर ब्लेक. याचं वैशिष्ट्य असं, की तो खरोखरच चाहता होता. हॅमिल्टन बाजारातल्या वस्तूंकडे शास्त्रज्ञासारखा पाही. ब्लेक बिल्ले, पोस्टकार्डं, कुस्तीगिरांचे फोटो गोळा करी आणि त्यांच्यावर प्रेम करी. १९६१ च्या आसपास त्यानं ‘गॉट अ गर्ल’ नावाचं चित्र केलं. त्यात वर एल्व्हिसपासूनच्या गायकांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत आणि कोपऱ्यात त्याच नावाच्या गाण्याची खरीखुरी रेकॉर्ड चिकटवलेली आहे. चित्राबरोबर गाणंही आठवावं ही त्याची इच्छा.

त्याची ती इच्छा १९६७ साली उलट्या बाजूनं पुरी झाली. बीटल्सना ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या रेकॉर्डसाठी कव्हर हवं होतं. त्यांच्याकडे दुसऱ्याच एका मंडळीचं झगझगीत रंगांचं चित्र तयार होतं. रॉबर्ट फ्रेझर हा लंडनमधला गॅलरीवाला बीटल्सचा मित्र. त्यानं सांगितलं, हे नको, खरा चित्रकार घ्या. आणि ब्लेक आणि त्याची त्या वेळची पत्नी जॅन हॅवर्थ यांना त्यानं पुढे आणलं. हॅवर्थ मूळची अमेरिकन, हॉलिवूडमध्ये वाढलेली, वडील सिनेमाचे कला दिग्दर्शक. कापड शिवून, आत भरून माणसांएवढ्या बाहुल्या करणं ही तिची खासियत होती.

कल्पना अशी ठरली: हा काल्पनिक बँड नुकताच एका बागेत वाजवून थांबला आहे आणि त्याच्याभोवती त्याचा श्रोतृवर्ग दाटीवाटीनं उभा आहे. या श्रोत्यांत कोण कोण हवं त्याच्या याद्या बीटल्सनी दिल्या. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या याद्या लांबलचक. जॉर्ज हॅरिसननं फक्त भारतीय गुरूंची नावं दिली. रिंगो म्हणाला, बाकीचे म्हणतील ते मला चालेल. उरलेली जागा ब्लेक, हॅवर्थ आणि फ्रेझर यांनी आपल्या पसंतीनं भरली. फोटो माणसाच्या उंचीएवढे मोठे करून घेतले, पुठ्ठ्यावर चिकटवून कापले. हॅवर्थनं त्यांच्यावर हातानं रंग चढवले. मादाम तुसाँच्या संग्रहालयातून खुद्द बीटल्सचेच मेणाचे पुतळे भाड्यानं आणले. त्यामुळे कव्हरवर भडक गणवेशातले जिवंत बीटल्स आहेत आणि शेजारी काळ्या सुटातले मेणाचे बीटल्स खाली मान घालून जणू स्वतःच्याच अंत्ययात्रेला आले आहेत. ड्रमवरची अक्षरं जत्रेतल्या पाट्या रंगवणाऱ्या कारागिराकडून काढून घेतली. मायकेल कूपरच्या चेल्सीतल्या स्टुडिओत सुमारे दोन आठवडे हे बांधकाम चाललं होतं. ३० मार्च १९६७ रोजी फोटो निघाला. आज हे काम संगणकावर एका दुपारी होईल. तेव्हा ते नाटकाच्या नेपथ्यासारखं उभारलं गेलं.

या गर्दीत आपली माणसं आहेत. परमहंस योगानंद, श्रीयुक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी. पुढे फुलांच्या ताटव्यात लक्ष्मीची छोटी मूर्तीही आहे. नाहीत ते महात्मा गांधी. खरं तर त्यांचा पुठ्ठ्याचा पुतळा तयार होता, फोटोच्या वेळी उभाही होता. पण ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड अडून बसले. गांधीजींना अशा गर्दीत उभं केलं तर भारतातले लोक चिडतील आणि तिथला धंदा बुडेल, ही त्यांची भीती. आपल्याकडे एचएमव्हीच्या रेकॉर्डी कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात निघत. त्याचे मालकही अखेर तेच. म्हणून गांधीजी अंतिम चित्रातून पुसले गेले. लेननला हिटलरही हवा होता. त्याचाही पुतळा झाला, पण तो दिसू दिला नाही. ते एका परीनं बरंच झालं. एका अमेरिकन नटानं फोटोबद्दल चारशे डॉलर मागितले, तर त्यालाही वगळण्यात आलं. मे वेस्ट या नटीनं आधी नकार दिला. बीटल्सनी स्वतः पत्र लिहिल्यावर ती कबूल झाली.

साधारण कव्हरला त्या काळी पन्नासएक पौंड खर्च येई. या कव्हराचा खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला. उघडणारं दुपानी कव्हर, मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले आणि आत कापून लावायच्या मिशा, बिल्ले, पट्ट्या असा एक कागद. रॉक संगीतात गाण्यांचे संपूर्ण शब्द कव्हरवर छापण्याची ही सुरुवात मानली जाते, आणि माझ्या मते चित्रापेक्षाही या गोष्टीचा परिणाम मोठा झाला. शब्द छापले म्हणजे ते वाचण्यासारखे आहेत, असा दावा त्यात आला. लोक कव्हर मांडीवर घेऊन, हे कोण, ते कोण, असं ओळखत रेकॉर्ड सलग ऐकू लागले. सुटी गाणी जाऊन ‘अल्बम’ ही एकसंध कलाकृती झाली. त्यात कव्हराचा वाटा आहेच.

पीटर ब्लेकला या कामाचे दोनशे पौंड मिळाले. एकूण. पुढे रेकॉर्डीच्या लाखो प्रती खपल्या, टी-शर्टांवर, कपांवर, पोस्टरांवर ते चित्र आलं, पण रॉयल्टी म्हणून दमडी नाही. ही खंत ब्लेकनं मुलाखतींतून वारंवार बोलून दाखवलेली आहे. १९६८ साली कव्हरला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ब्लेक आणि हॅवर्थ या दोघांना. तरीसुद्धा ‘पीटर ब्लेकचं कव्हर’ असंच लोक म्हणत राहिले. पुढे दोघांचा घटस्फोट झाला आणि हॅवर्थ अमेरिकेत परतली. त्या गर्दीत बायका किती थोड्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा नट्या किंवा बाहुल्याच कशा होत्या, हे तिला सलत राहिलं. २००४ साली सॉल्ट लेक सिटी शहरात तिनं तरुण कलाकारांना हाताशी धरून त्याच मांडणीचं एक भित्तिचित्र केलं. त्यात नव्या माणसांची गर्दी आहे, आणि तिच्यात बायकांना व वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांना भरपूर जागा आहे. स्वतःच्याच जगप्रसिद्ध कामाला असं जाहीर उत्तर देणारे कलावंत फार नसतात.

एवढ्या गजबजाटानंतर पुढच्या रेकॉर्डचं कव्हर काय करणार? १९६८ साली फ्रेझरनंच पॉल मॅकार्टनीची गाठ हॅमिल्टनशी घालून दिली. हॅमिल्टननं सुचवलं, काहीच नको. पांढराशुभ्र कोरा पुठ्ठा, त्यावर बीटल्सचं नाव रंगाविना फक्त उठावात, आणि खाली प्रत्येक प्रतीचा क्रमांक. चित्रकार आपल्या छापचित्रांच्या पन्नास-शंभर प्रती काढतात तेव्हा त्यांच्यावर असे क्रमांक घालतात. इथे लाखोंनी निघणाऱ्या वस्तूवर क्रमांक घातले. तिरकस विनोद होता तो. पण बाजार विनोदही विकतो: रिंगोकडची १ क्रमांकाची प्रत २०१५ साली लिलावात सात लाख नव्वद हजार डॉलरना गेली. कव्हर करणाऱ्या हॅमिल्टनलाही दोनशेच पौंड मिळाल्याचं सांगतात.

अटलांटिकपलीकडे अँडी वॉरहॉलचं गणित वेगळं होतं. तो मुळात जाहिरातींचा चित्रकार. पिट्सबर्गच्या गरीब स्थलांतरित घरातून १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि त्याच वर्षापासून रेकॉर्डींची कव्हरं करू लागला. पन्नासच्या दशकात त्यानं जाझच्या रेकॉर्डींसाठी सुरेख रेखाटनं केली. एका कव्हरावरची वळणदार अक्षरं तर त्याच्या आईच्या हातची आहेत. १९६२ साली त्यानं कॅम्पबेल सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं लॉस एंजेलिसच्या गॅलरीत मांडली. किंमत प्रत्येकी शंभर डॉलर. शेवटी गॅलरीवाल्यानंच सगळी मिळून हजार डॉलरना, तेही हप्त्यानं, घेतली. शेजारच्या दुकानदारानं म्हणे खरे डबे खिडकीत मांडून ‘इथे स्वस्तात मिळतात’ अशी पाटी लावली होती.

१९६५ च्या अखेरीस वॉरहॉल एका कॅफेत ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या बँडला भेटला. लू रीड गाणी लिही, आणि जॉन केल हा वेल्सचा तरुण व्हायोला वाजवी. केल याआधी ला माँट यंग या संगीतकाराच्या संचात होता. तिथे एकच स्वर तासन् तास धरून ठेवायचा रियाज चाले. यंगला या वाटेवर नेणाऱ्या गोष्टींत अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकन रेकॉर्ड होती, विशेषतः तिच्यातला तानपुरा. पुढे १९७० मध्ये यंगनं किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे ज्या घराण्याचं नाव मिरजेपासून पुण्यापर्यंत घरोघर पोचलं, त्याच घराण्याचे हे प्राणनाथ. व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या गाण्यांखाली जो एकसुरी, कर्कश आवाज गुंजत राहतो त्याची पाळंमुळं शोधत गेलं, तर वाटेत एक तानपुरा लागतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

वॉरहॉलनं त्यांना वाजवायला जागा दिली, पैसे दिले, निको ही जर्मन गायिका जोडून दिली आणि १९६६ साली चित्रपट, रंगीत दिवे, नाच आणि संगीत यांचा एकत्र मारा करणारे कार्यक्रम उभे केले. आज कुठल्याही मोठ्या मैफलीत मागे पडदे आणि दिव्यांचे झोत असतात. त्याच्या मुळाशी जे थोडे प्रयोग आहेत त्यांतला हा एक. रेकॉर्डवर निर्माता म्हणून वॉरहॉलचं नाव आहे. ध्वनिमुद्रणातलं त्याला काही कळत नव्हतं. पण लू रीड सांगत असे, की वॉरहॉलसारखा नामांकित माणूस तिथे बसलेला असल्यामुळे गाणी बदला, आवाज साफ करा, असं सांगायची कुणाची छाती झाली नाही. चित्रकारानं संगीताला दिलेली सर्वात मोठी गोष्ट मला हीच वाटते. गल्लीबोळातली व्यसनं, भीती, हिंसा यांच्यावरची ती गाणी कुणी हात न लावता जशीच्या तशी रेकॉर्डवर उतरली.

मार्च १९६७ मध्ये ती रेकॉर्ड आली. कव्हरावर एक पिवळं केळं आणि खाली ‘अँडी वॉरहॉल’ ही सही. पुढच्या बाजूला बँडचं नावच नाही! केळ्याच्या देठाशी बारीक अक्षरात सूचना होती, की हळूच सोलून पाहा. साल म्हणजे एक स्टिकर. ते काढलं की आत गुलाबी रंगाचं केळं. त्यातला चावटपणा सांगायला नको. हे स्टिकर बसवण्याच्या उपद्व्यापात वेळ गेला. मग मागच्या बाजूच्या फोटोत दिसणाऱ्या एका माणसानं पैसे मागितले, म्हणून कंपनीनं रेकॉर्ड बाजारातून परत घेतली. तोवर वारं निघून गेलं होतं. अमेरिकेच्या खपाच्या यादीत ही रेकॉर्ड १७१ व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. सार्जंट पेपरच्या मानानं ते सपशेल अपयश. पण ब्रायन ईनो या संगीतकारानं पुढे म्हटलं, की रेकॉर्ड घेणारे थोडे होते, पण घेणाऱ्या प्रत्येकानं जणू आपला बँड काढला.

असाच एक बँड निघाला तो प्रागमध्ये. १९६८ च्या वसंतात नाटककार वाक्लाव हावेल आपल्या नाटकाच्या प्रयोगासाठी न्यूयॉर्कला गेले होते. येताना त्यांनी व्हेल्वेट अंडरग्राउंडची रेकॉर्ड आणली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथे ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा बँड उभा राहिला आणि व्हेल्वेटची गाणी वाजवू लागला. इव्हान यिरोस हा त्यांचा कलात्मक दिग्दर्शक. तो व्यवसायानं कलेतिहासाचा अभ्यासक. वॉरहॉलनं त्या बँडसाठी जे केलं ते आपण इथे करायचं, असं त्यानं ठरवून केलं. सरकारनं व्यावसायिक परवाना काढून घेतला तेव्हा हे लोक खेड्यापाड्यांत, कुणाच्या लग्नाच्या निमित्तानं वाजवत. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. खटल्यात यिरोसला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पोरांनी केस वाढवून कर्कश वाजवलं म्हणून तुरुंग! हावेल त्या खटल्याला हजर होते. विद्वान, लेखक, जुने कम्युनिस्ट, धर्मगुरू असे एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक या प्रकरणावरून एकत्र आले, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. १९८९ च्या डिसेंबरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वसंतात लू रीड त्यांची मुलाखत घ्यायला प्रागला गेला. तिथल्या क्रांतीला ‘व्हेल्वेट’, म्हणजे मखमली म्हणतात, ते रक्तपात झाला नाही म्हणून. बँडच्या नावाशी त्याचा संबंध जोडतात तो हौसेनं. आणखी एक योगायोग: वॉरहॉलचे आईवडील स्लोव्हाकियातल्या मिकोवा या खेड्यातले. १९९१ साली तिथून जवळच मेड्झिलाबोर्त्से गावात त्याच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. तोवर वॉरहॉलला जाऊन चार वर्षं झाली होती.

रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’चा किस्सा थोडक्यात सांगतो. मिक जॅगरनं १९६९ मध्ये वॉरहॉलला पत्र लिहून बजावलं होतं, की कव्हर जितकं गुंतागुंतीचं तितका पुढे घोटाळा. १९७१ साली वॉरहॉलच्या कल्पनेतून जे कव्हर आलं त्यावर जीनच्या पँटचा फोटो आणि त्याला खरीखुरी, उघडझाप करणारी झिप! रेकॉर्डी थप्पीनं रचून दुकानांत पाठवल्या तेव्हा त्या झिपेनं वरच्या तबकडीवर ओरखडे पाडले. शेवटी कारखान्यातच झिप अर्धी उघडून ठेवायची युक्ती निघाली, म्हणजे तिचं टोक मधल्या कागदी लेबलवर येई आणि गाणं वाचे.

राहतो तो मालकीचा प्रश्न. दुसऱ्याचं चित्र उचलायचं आणि आपलं म्हणून मांडायचं, हीच पॉप आर्टची मुळातली रीत. ती उलटली तेव्हा काय झालं? केळ्याच्या चित्रावर कुणाचा हक्क, यावरून बँडच्या सदस्यांनी २०१२ मध्ये वॉरहॉल फाउंडेशनवर दावा लावला. केळं आता मोबाइल आणि टॅब्लेटच्या कव्हरांवर जाऊ लागलं होतं. पुढच्या वर्षी आपसात तडजोड झाली. आकडा बाहेर आला नाही.

दुसरा खटला जास्त गंभीर होता. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला होता. १९८४ मध्ये एका मासिकानं त्यांना चारशे डॉलर देऊन तो एकदाच वापरायचा, या अटीवर वॉरहॉलकडून त्याचं चित्र करून घेतलं. वॉरहॉलनं त्यावरून एक नव्हे, तर सोळा चित्रं केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारला तेव्हा मासिकवाल्यांनी त्यातलं दुसरंच चित्र मुखपृष्ठावर छापलं, आणि फाउंडेशनला दहा हजार डॉलर मोजले. गोल्डस्मिथबाईंना छदाम नाही, नावही नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल बाईंच्या बाजूनं लागला. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी, अशानं नव्या कलेचा गळा आवळला जाईल, असं कळकळीनं लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि तरी दोनशे पौंडांवर बोळवण झालेला ब्लेक डोळ्यांपुढे आला की चारशे डॉलरवाल्या बाईंना नाही म्हणवत नाही.

कॅम्पबेल कंपनीनं मात्र वॉरहॉलवर कधी दावा केला नाही. आधी वकिलांशी बोलणी झाली असतील-नसतील. पण १९६४ च्या मे महिन्यात त्यांच्या एका अधिकाऱ्यानं त्याला पत्र पाठवलं, की तुमचं काम आम्ही कौतुकानं पाहत आहोत, आणि तुम्हाला आमचं टोमॅटो सूप आवडतं असं कळलं. म्हणून सोबत दोन खोकी पाठवत आहोत.